कपाट शांत आहे

४ मार्च

डावीकडून उचला म्हणेपर्यंत कपाटाचा पाय उंबऱ्याला अडकला होता. दोघा मजुरांनी ते तिरकं केलं, मी प्लास्टिकचा फाटलेला कोपरा दाबून धरला, आणि कपाट एकदाचं शीतखोलीत गेलं. दार लावलं, कडी घातली, हात धुतले.

लाकडाची कोणतीही वस्तू संग्रहालयात आली की आधी शीतखोलीत जाते. सिंहासन असो की शिडी, मी भेदभाव करत नाही. गोठवलं की आतली कीड मरते. अळी, अंडं, सगळं. हा नियम मीच घालून दिला आणि तेव्हापासून या इमारतीत एकही किडा जिवंत शिरलेला नाही. संवर्धकाच्या नोकरीत टाळ्या मिळत नाहीत. किडे नाहीत हेच काय ते कौतुक.

या कपाटाच्या तळाशी ताजं पीठ दिसलं. बारीक, पिवळसर. म्हणजे आत अजून खाणं चालू होतं. अशा वस्तूला मी नेहमीपेक्षा जास्त दिवस थंडीत ठेवते. कोणी सांगितलेलं नसतं. पण काम करायचं तर मन लावून.

कपाट पुरस्काराचं आहे. संचालकांनी यंदापासून इथल्या कलावंतांसाठी पुरस्कार सुरू केला. निवडलेली कलाकृती कायमच्या संग्रहात येते आणि कलावंताला मागच्या अंगणातली खोली वर्षभर कामासाठी मिळते. परीक्षक घरोघरी जाऊन कामं बघून आले. मी गेले नव्हते. माझं खातं मेलेल्या माणसांच्या वस्तूंचं. जिवंत कलावंतांची अडचण ही की ते फोन करतात.

कपाटाला चिठ्ठी बांधली होती. ‘माध्यम: लाकूड, आवाज.’ दार उघडून पाहिलं. बिजागरी करकरते खरी. कलेला आजकाल एवढंही पुरतं.

५ मार्च

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. म्हणाला, आपल्या घरात दोघांचंही पोट किडीवर चालतं. हा विनोद तो लग्नापासून करतो. पाहुणे हसतात. मी भात वाढून घेते.

७ मार्च

कपाटवाली आली, खोली बघायला. चाळिशीची, किरकोळ बांध्याची, बोटांना सुईची भोकं. भावाकडे राहते. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते आणि उरलेल्या वेळात कला. जेवणाच्या टेबलावर काम मांडते. वहिनी ताटं घेऊन आली की काम पलंगाखाली जातं. म्हणाली, माझं प्रत्येक काम एकदा तरी पलंगाखाली जाऊन आलेलं आहे.

खोलीत शिरल्यावर ती चारही भिंतींना हात लावून आली. मग विचारलं, “इथे मांडून ठेवलेलं कोणी उचलणार नाही ना?”

मी म्हटलं, किल्ली तुमच्याकडेच राहील. तिने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसते. मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, चालेल, टाकी चालेल.

निघताना तिने विचारलं, आवाज चालू आहे ना. मी म्हटलं, निश्चिंत राहा, आम्ही तेल घालणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तेल कशाला घालायचं, म्हणाली. तेच म्हणते मी, म्हटलं. दोघींचं एकमत झालं.

११ मार्च

कपाट बाहेर काढलं. प्लास्टिक सोडलं, तळ पुसला, पांढरा कागद अंथरला. संध्याकाळपर्यंत कागदावर कणही नाही. उत्तम. नोंदवहीत ‘उत्तम’ असं लिहिलं. हा शब्द मी क्वचित वापरते.

१२ मार्च

संचालकांनी दालनातल्या पाटीचा मजकूर तपासायला पाठवला. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलेला. दोनदा वाचला. मग खुर्चीत बसून तिसऱ्यांदा.

कलाकृती म्हणजे कपाट नव्हे. कलाकृती म्हणजे कपाट खाणारी कीड. दाराला कान लावला की कुरतडल्याचा आवाज येतो. कलावंताच्या आईच्या लग्नातलं कपाट, ते वर्षानुवर्षं आतून खाल्लं जात आहे, घरातल्या कोणी ते थांबवलं नाही, आणि एक दिवस ते उभ्या उभ्या पीठ होईल. ‘संग्रहालयाने हे खाणं जपावं,’ असा शेवट.

दालनात गेले. दाराला कान लावला. डावं दार, उजवं दार, पाठ, तळ. बिजागरीसुद्धा गप्प.

मी ते सगळं कुटुंब मारलं होतं. वर जास्तीचे दिवस देऊन.

१३ मार्च

संचालकांना सांगायला गेले. ते फोनवर वार्ताहराला सांगत होते की संग्रहालय आता श्वास घेऊ लागलं आहे. फोन ठेवल्यावर मी सरळ म्हटलं, “सर, कपाटातली कीड मेली. मी मारली.”

त्यांनी टेबलावरची काच रुमालाने पुसली. मग म्हणाले, “मेली म्हणजे किती?”

“सगळी.”

त्यांनी पुरस्काराचा नियम काढून वाचला. परीक्षकांनी पाहिली त्याच अवस्थेत कलाकृती संग्रहात यायला हवी. तशी नसेल तर पुरस्कार आणि खोली दुसऱ्या क्रमांकाकडे. हा नियम अध्यक्षांचा स्वतःचा, आणि पुरस्कार देण्याआधी ते सगळ्यांसमोर काम तपासणार आहेत. दुसऱ्या क्रमांकावर घोडेवाला आहे. तो लोखंडाचे घोडे करतो. त्याच्याकडे आधीच दोन खोल्या आहेत आणि गोठ्याएवढं शेड. कपाटवालीकडे पलंगाखालची जागा.

मी म्हटलं, मग आपण अध्यक्षांना कळवू या.

संचालक म्हणाले, “काय कळवू या?”

“मी आत्ता सांगितलं ते.”

“तुम्ही काही सांगितलं नाहीत. मी फोनवर होतो.”

फोन टेबलावर होता. त्यांनी तो उचलून कानाला लावला आणि मी बाहेर जाईपर्यंत तसाच ठेवला.

१४ मार्च

कीड हवी आहे. जिवंत, लाकूड खाणारी. आमच्या इमारतीत मिळणार नाही, हे मी लेखी देऊ शकते.

शेजारणीला विचारलं, तुमच्याकडे एखादी पोखरलेली फळी असेल का. तिने दार अर्धं लावलं आणि अर्ध्यातून म्हणाली की आमच्या घरात असलं काही नसतं, तुम्हाला कोणी सांगितलं.

मग जुन्या फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, कीड लागलेलं काही दाखवा. तो म्हणाला, बाई, इथे कीड सापडली तर दुकान तुमच्या नावावर करतो. मी म्हटलं, मला खरंच हवी आहे. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तपासणीला आलेली बाई असणार असं ठरवून तो प्रत्येक खुर्ची उलटी करून दाखवू लागला. माझा प्रत्येक खुर्चीमागे धीर सुटत गेला. शेवटी कोपऱ्यात एक तीन पायांचं स्टूल दिसलं. खाली चिमूटभर पीठ. मी गुडघ्यावर बसून त्याला कान लावला तेव्हा दुकानदाराने मुलाबाळांची चौकशी सुरू केली. घरी कोणी आहे ना तुमच्याबरोबर, म्हणाला.

स्टूल घेतलं. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि रिक्षात बसेपर्यंत हात जोडून उभा होता.

१५ मार्च

स्टुलाचा एक पाय नवऱ्याकडून कापून घेतला. त्याला कारण सांगितलं. करवत चालवता चालवता तो म्हणाला, दाढेत कीड भरायला सांगणारा पेशंट मला अजून भेटलेला नाही.

पाय छत्रीच्या पिशवीत घालून नेला. दारावर पाटी आहे, ‘बाहेरचं लाकूड आत आणू नये’, खाली माझी सही. रखवालदाराने विचारलं, बाई, पाऊस कुठे आहे. म्हटलं, येईल. तो आकाशाकडे बघत असताना मी पाटीखालून आत गेले. पाय कपाटाच्या तळच्या खणात, मागे सारून ठेवला.

दिवसभर ऐकलं. काही नाही. परक्या घरात बुजले असतील.

१६ मार्च

कपाटवाली आईला घेऊन आली. आई ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण जीभ सरळ. दालनात येताच म्हणाली, माझ्या कपाटाला दोरी कशाला बांधलीत, पळून जाणार आहे का ते. मग दोरीखालून वाकून गेली आणि कान लावला.

ही बाई साठेक वर्षं या कपाटाशेजारी झोपली आहे.

तिने पुष्कळ वेळ ऐकलं. मग लेकीकडे पाहिलं. लेक आधीच तिच्याकडे बघत होती.

“झोपलेत,” आई म्हणाली.

मी म्हटलं, हो ना, दिवसा झोपतातच. असं काही नसतं, पण आई म्हणाली, तेच तर. जाणकार बाई. मी सुटले. कपाटवालीने विचारलं, रोज येऊन थोडा वेळ कपाटापाशी बसले तर चालेल का. तिचा चेहरा एकदम उतरला होता. माहेरची वस्तू परक्या ठिकाणी ठेवताना होतं तसं. मी लगेच परवानगी दिली.

१८ मार्च

मायलेकी रोज येतात. लेक कपाटापाशी बसते. आई मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसते. गुडघे ऐकून झाले. सून ऐकून झाली. लेकीचं लग्न का झालं नाही ते ऐकून झालं; तीन स्थळं आली होती, तिसरा बरा होता, पण त्याने घरातलं जुनं कपाट विकून टाकायला सांगितलं. मी उठायला लागले की माझं मनगट धरते. “बस गं. तुझं कपाट कोणी पळवत नाही.” कपाट तिचंच आहे हे ती विसरते. वय झालं.

आज लेकीच्या कापडी पिशवीतून दगड पडल्यासारखा खट आवाज आला. कात्री, ती म्हणाली. शिवणकामाच्या कात्र्या जड असतात हे खरं.

दोघी निघताना हसत होत्या. वहिनीचा पलंग डुगडुगायला लागला आहे म्हणे. मी म्हटलं, जुना असेल तर तपासून देते. दोघी एकदमच नको नको म्हणाल्या. भिडस्त माणसं.

१९ मार्च

आवाज आला.

सकाळी दालन उघडायच्या आधी. आधी वाटलं माझा दात. मग पुन्हा. कुर्र, थांबा, कुर्र कुर्र. तळच्या खणातून नव्हे, जिथे स्टुलाचा पाय आहे. वरून, डाव्या कोपऱ्यातून, मागच्या फळीजवळून. कागदावर पिठाचे चार कण.

मूळची कीड जिवंत आहे. थंडीत इतके दिवस काढून.

मी जमिनीवर बसले. एवढी वर्षं या आवाजाचा अर्थ ‘ताबडतोब कळवा’ असा होता. आज पहिल्यांदा नुसता ऐकला. घाई नसलेला आवाज आहे. कोणी तरी शेंगदाणे सोलत बसल्यासारखा.

कपाटवालीला सांगितलं, खातायत. “तुम्हाला ऐकू आलं?” म्हणाली. स्पष्ट, म्हटलं. तिने इतका मोठा श्वास सोडला की आईने तिच्या पाठीवर चापट मारली. “बघ, मी म्हटलं नव्हतं, भूक लागली की उठतील.”

तर आता कबुली द्यायचं कारण उरलं नाही. गोठवण्याचा विषय मी त्यांच्याकडे काढला नव्हता, ते बरंच झालं.

२० मार्च

विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. एवढ्या थंडीतून जगलेली अळी कुठे नोंदलेली नाही. निबंध लिहायला घेतला. ‘लाकूड पोखरणाऱ्या अळीची असाधारण सहनशक्ती: एक निरीक्षण.’ सात पानं झाली.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मेलेली अळी उठून बसते हे तुला पटतं. कोणी नवीन आणून ठेवली असेल हे पटत नाही?”

मी म्हटलं, कोण ठेवेल? तिथे लाकूड नेण्याची परवानगी नाही.

तो स्टुलाच्या उरलेल्या भागाकडे बघत राहिला. ते आता दोन पायांचं झालं आहे आणि भिंतीला टेकून उभं आहे. दातांच्या डॉक्टरशी लाकडाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

२२ मार्च

घोडेवाल्याचा फोन. दणकट आवाजाचा माणूस. सगळं ठीक आहे ना, विचारलं. काही अडलं तर घोडा तयार आहे, ट्रकही सांगून ठेवला आहे. काही अडलेलं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, बरं बरं, घोडा थांबू शकतो, लोखंडाचा आहे. मग म्हणाला, कपाटाबद्दल ऐकलंय, एकदा ऐकायला यायला हवं. ही धमकी आहे. संचालकांना कळवलं. ते पांढरे पडले.

२४ मार्च

संचालकांच्या खोलीवरून जाताना आतून कुरुम कुरुम ऐकू आलं. धावत आत शिरले, म्हटलं कीड इथवर आली. तर ते तोंडासमोर एक जुना फोन धरून टोस्ट खात होते. टेबलावर टोस्टचे दोन पुडे संपलेले. मी म्हटलं, सर, फोनवर बोलताना खाऊ नये. त्यांनी घाईघाईने फोनचं बटण दाबलं. म्हणाले, बोलत नव्हतो, सकाळचा नाश्ता राहिला होता. पुरस्कारासाठी हा माणूस जेवणखाण विसरला आहे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जरा आदर वाढला.

कीड जिवंत असल्याचं सांगणार होते, पण त्यांनी हात वर केला. मला काही सांगू नका, म्हणाले.

२६ मार्च

उद्या समारंभ. कपाटवालीने खोलीसाठी पडदा शिवला आहे. बाहेरच्या बाकावर मला दाखवला. साधा, निळा. लगेच घडी घालून पिशवीत तळाशी ठेवला. आई म्हणाली, आधी किल्ली हातात पडू दे, मग पडदे. लेक म्हणाली, तेच करतेय ना, लपवून ठेवतेय. मी हसले. घरी आल्यावर आमच्या कपाटांना कान लावून पाहिलं. सागवानी, पॉलिश केलेली. काही नाही. पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

२७ मार्च

झालं ते क्रमाने लिहिते.

दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत मायलेकी, भाऊ, वहिनी. दुसऱ्या रांगेत घोडेवाला, दोन खुर्च्यांएवढा माणूस, एका खुर्चीवर. नवरा मागे, दवाखाना बंद करून आलेला. टेबलावर खोलीची किल्ली.

अध्यक्ष म्हातारे शिल्पकार, ताठ. त्यांनी नियम वाचून दाखवला. कलाकृती मी पाहिली त्याच अवस्थेत आहे की नाही ते तपासतो आणि मगच किल्ली देतो, म्हणाले. कपाटाजवळ गेले. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. लाकडावर दाबलं की ते शिट्टी वाजवतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. “मी कानाने ऐकतच नाही. हाडाने ऐकतो.” डोळे मिटून गाल दाराला टेकवला.

सगळे गप्प. आणि आवाज सुरू झाला. पण हा माझ्या ओळखीचा नव्हता. फार मोठा. घोड्याने गाजर खावं तसा. मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. लोक कौतुकाने एकमेकांकडे बघू लागले. संचालक छताकडे बघत होते.

मग कपाट माझ्या आवाजात म्हणालं, “सर, फोनवर बोलताना खाऊ नये.”

कोणी तरी फिसकन हसलं. सगळी डोकी माझ्याकडे वळली. अध्यक्ष हलले नाहीत. डोळे मिटलेले, गाल दाराला. कपाट पुन्हा टोस्ट खाऊ लागलं.

घोडेवाला उभा राहिला. “हे काय चाललंय?”

मला बसून राहता आलं नाही. मी उठून म्हटलं, “त्यात कीड नव्हती. मी मारली. आल्या दिवशीच, थंडीत घालून.” मग खरं ते सांगायला हवं म्हणून पुढे म्हटलं, काही वाचली आहे, तिच्यावर माझा निबंध चालू आहे.

कपाटवाली उठली. माझ्याकडे न बघता लोकांकडे बघून बोलली. “वाचलं कोणी नाही, ताई. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नवीन मी आणून बसवली. वहिनीच्या पलंगाची फळी आहे ती.”

“तरीच,” वहिनी म्हणाली.

“का बोलला नाहीत?” घोडेवाल्याने विचारलं.

“खोली हवी होती.” तिचा आवाज फाटला. “एकदा मांडलेलं काम उचलावं लागू नये, एवढंच हवं होतं. पण हे असं नको. काढून घ्या.”

आईने तिला खाली ओढलं. कपाटातला टोस्ट संपला होता. संचालक खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाले होते. मी किल्लीकडे बघत होते. सात पानांचा निबंध आठवला आणि कान तापले.

तेवढ्यात अध्यक्षांनी डोळे उघडले. गालावर दाराच्या फळीची रेघ उमटली होती. सावकाश खिशातून यंत्र काढलं, कानात घातलं, चाचपून बसवलं.

“आहे,” ते म्हणाले. “डाव्या बाजूला वर. सावकाश, एकाच ठिकाणी, पण न थांबता. अगदी मी ऐकलं होतं तसंच.” मग सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्या माणसांतला एकही माणूस हलत नव्हता आणि घोडेवाला एकटा उभा होता. “कोणी काही म्हणालं का?”

खोली, पुरस्कार, सगळं आता त्याच्या एका वाक्यावर होतं. त्याने कपाटवालीकडे पाहिलं. वहिनीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, तेच बरं.

“मी,” घोडेवाला म्हणाला. “खुर्च्या कमी पडतायत म्हटलं.”

त्याची खुर्ची त्याच्या मागेच होती. तो तिच्यात बसला.

अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी जास्त मागवा. संचालक म्हणाले, हो, नक्की. कपाटवालीला किल्ली मिळाली. टाळ्या इतका वेळ वाजल्या की अध्यक्षांनाही नवल वाटलं. त्यांनी त्या स्वतःच्या भाषणासाठी समजून हात जोडले.

नंतर दाराशी मी घोडेवाल्याला गाठलं. म्हटलं, तुमचा घोडा. तो म्हणाला, “बाई, घोडा कुठेही उभा राहतो.” मग विचारलं, ती टोस्टची कल्पना कोणाची. मी सांगितलं नाही. त्याला कळलं असावं; बाहेर जाऊन तो पायरीवर बसला आणि पोट धरून हसला.

वहिनी नणंदेला म्हणत होती, नवीन पलंग घ्यावा लागेल. नणंद म्हणाली, घेऊ. भाऊ दोघींच्या मधे उभा राहून पाटीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होता.

नवऱ्याने घरी येताना एकही विनोद केला नाही. जेवताना फक्त म्हणाला, आवाज तुझा छान रेकॉर्ड झाला. निबंध फाडला नाही. शीर्षक बदलावं लागेल.

२८ मार्च

सकाळी मायलेकी खोलीत सामान घेऊन आल्या. शिवणयंत्र, कापडाची गाठोडी, एक जुनी लाकडी पेटी. पेटीच्या खाली पीठ पडत होतं. मी म्हटलं, ही आधी शीतखोलीत जायला हवी, नियम आहे. आई पेटीवर बसली. मी निघाले तेव्हाही बसलेलीच होती.